घरोब्यातला नट

बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ साली वेगळा होईपर्यंत त्यातले जसोंडी हे गाव खंडवा जिल्ह्यात मोडत होते, आणि अशोककुमार यांचे वडील त्याच खंडव्यात वकिली करीत. त्यामुळे या पट्ट्यातील मराठी घरांना हा बंगाली नट ओळखीतला वाटला तर नवल नाही. आजारपणात अंथरुणाला खिळलेला माणूस अशोककुमार यांचा ‘किस्मत’ (१९४३) हा चित्रपट पुन्हा पाहतो, तेव्हा सिगारेट बोटांत धरून सावकाश बोलणारा त्यातला खिसेकापू त्याला जुन्या स्नेह्यासारखा भेटतो. १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ या कौटुंबिक मालिकेत प्रत्येक भागाअखेर ‘दादामुनी’, म्हणजे थोरले बंधू, म्हणून ओळखले जाणारे अशोककुमार प्रेक्षकांशी थेट बोलत आणि मालिकेचे नाव निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारत. चार समजुतीच्या गोष्टी सांगून निरोप घेणाऱ्या वडीलधाऱ्याची ती रीत होती. प्रत्यक्षात होमिओपॅथीचा, म्हणजे अल्प मात्रेच्या औषधांच्या उपचारपद्धतीचा, त्यांना व्यासंग होता आणि ते परिचितांना औषधेही देत. १० डिसेंबर २००१ रोजी ते निवर्तले. ज्याने आपल्याला कधी पाहिलेच नाही, त्याच्या जाण्याने घरात पोकळी का जाणवावी, याचा उलगडा होत नाही. घरोबा दोन्ही बाजूंनी असावाच लागतो, हे गृहीतकच कदाचित अपुरे असावे.