चक्कर म्हणजे नेमके काय?

आमच्या गावाचे नाव गोडदेव आणि आमच्या घरात गोड वर्ज्य! भाईंदर पूर्वेला उतरून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा विनोद ऐकावाच लागतो. आजीला मधुमेह होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. त्यात नवल असे काही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर माणसे मधुमेही आहेत.

आजीचे तरुणपण भाईंदरच्या मिठागरांत गेले. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन निसरड्या बांधावरून ती झपझप चालत असे. तीच आजी गेल्या पावसाळ्यात मोरीत तोंड धुता धुता पडली आणि मनगट मोडून घेतले. "साखर वाढली, म्हणून चक्कर आली," असा घरात निवाडा झाला. शिक्षाही ठरली : आजीने यापुढे एकटीने उठायचे नाही!

प्लॅस्टर काढताना डॉक्टरांनी तिलाच विचारले, "आजी, चक्कर म्हणजे नेमके काय होते?" या एका शब्दात आपण किती निरनिराळी दुखणी कोंबतो, ते मला त्या दिवशी उमगले.

कुणाला घाम फुटतो, हातपाय कापतात, पोटात भुकेचा खड्डा पडतो आणि मग भोवळ येते. ही बहुधा साखर वाढल्याची नव्हे, उतरल्याची खूण. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन संकष्टीचा कडक उपवास केला तर असे घडू शकते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. अशा वेळी "साखर वाढली" म्हणून गोड नाकारणे जिवावर बेतू शकते.

कुणाला उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढले जाते; मज्जातंतू लगेच रक्तवाहिन्या आवळून ते सावरतात. जुन्या मधुमेहात हेच तंतू दुबळे होतात. उभे राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी उतरला, तर तो दोष धरतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी, किंवा साखर फार वाढून लघवीवाटे पाणी गेल्यानेही असे होते.

कुणाचे घरच गरगर फिरते. तिथे बहुधा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग बिघडलेला असतो आणि मधुमेह नसलेल्यालाही तो छळतो. मात्र गरगरण्याबरोबर जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

आजी म्हणाली, "डोके फिरत नाही हो. भुईच पायाला लागत नाही. कापसावर चालल्यासारखे वाटते. चप्पल निघून पडते, तेही कळत नाही."

डॉक्टरांनी तिला पाय जुळवून उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. ती डोलू लागली, तसे त्यांनी सावरले. रोम्बर्ग नावाच्या जर्मन वैद्याची ही १९व्या शतकातली परीक्षा. तळव्यांकडून येणारी वार्ता मंदावली की माणूस डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. तोंडावर पाणी मारताना आजीचे तेच झाले होते. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडूनही पाय असे बधिर होतात, म्हणून तीही तपासणी झाली. ते कमी निघाले.

आता आजीला औषध चालू आहे. मोरीत धरायला दांडी आहे, रात्रभर लहान दिवा जळतो, टाचेला पट्टा असलेल्या चपला आल्या आहेत. पाय पूर्वीसारखे होतील, असे डॉक्टरांनी वचन दिलेले नाही. पण उजेड असेतो ती एकटी गोडदेव नाक्यापर्यंत जाऊन भाजी घेऊन येते आणि भाजीवालीशी घासाघीसही करते.

मित्रहो, तुमच्या घरचे कुणी "चक्कर येते" म्हणाले, तर निवाडा करण्याआधी त्यांना पुढचे वाक्य बोलू द्या. डॉक्टरांकडे जाताना ते त्यांच्याच शब्दांत लिहून न्या.