शिट्टी न होणारा कुकर

तर मंडळी, या वीकेंडला कोड नाही, ट्रेक नाही, सिनेमाही नाही. आज कुकर.

आपल्याकडे कुकरचं एकक मिनिट नाही, शिट्टी आहे. भाताला तीन, तुरीच्या डाळीला चार, भिजवलेल्या हरभऱ्याला सहा-सात. "दोन झाल्या की गॅस बंद कर रे" ही तर घरातल्या प्रत्येक पोराला मिळालेली पहिली जबाबदारी. इंजिनिअरच्या नजरेने बघाल तर हे एकक अगदीच गचाळ. गॅस मोठा की बारीक, पाणी किती, भोकात कालच्या डाळीचं साल अडकलंय का, यावर दोन शिट्ट्यांमधलं अंतर ठरणार. पण हॉकिन्स सुरू झाली १९५९ साली, म्हणजे साठ-पासष्ट वर्षं लोक याच हिशोबावर जेवतायत. चालतंय की. अट एकच, शिट्टी ऐकणारं कुणीतरी हवं.

बाबा गेल्यापासून आई दापोलीला एकटी असते. मी पुण्यात, ताई न्यूजर्सीत. महिन्यातून एकदा ताम्हिणीमार्गे मी घरी जातो, ताई वर्षा-दोन वर्षांतून. आणि गेली दोनेक वर्षं आईला कमी ऐकू यायला लागलंय. कानाचं मशीन घेतलंय, ते कपाटात असतं. "ते घातलं की पंखासुद्धा अंगावर धावून येतो," असं तिचं म्हणणं. असो.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. "अरे, तुझी आई ओटीवर वाल सोलत बसलेली आणि आत कुकर नुसता कोकलतोय! मी दहा मोजल्या, मग आल्ये धावत." त्यानंतर महिन्याभराने काकू बाजारात गेल्या होत्या. पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्हने आपलं काम केलं आणि डाळ छताला. आईला काही झालं नाही. तिने मला सांगितलंही नाही, छताचा डाग बघून मीच विचारलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कुकर इव्हेंट पाठवतोय, पण लिसनरच नाही.

मग रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ताईने जाहीर केलं, "मी इन्स्टंट पॉट पाठवते. ब्लॅक फ्रायडेला अर्ध्या किमतीत असतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इन्स्टंट पॉट म्हणजे विजेवर चालणारा, टायमर लावायचा प्रेशर कुकर. याच्या मागची गोष्ट आपल्या जमातीला आवडावी अशी आहे. कॅनडातल्या ओटावामध्ये रॉबर्ट वँग नावाचा कॉम्प्युटर सायन्समधला पीएचडी माणूस. २००८ मध्ये त्याची नोकरी गेली. घरी लहान मुलं, नवरा-बायको दोघंही कामात, संध्याकाळी जेवणाची बोंब. त्याने जुन्या कुकरमध्ये सेन्सर आणि मायक्रोप्रोसेसर घातला आणि २०१० मध्ये तो बाजारात आणला. अमेरिकेतल्या देसी घरांत तर याने क्रांतीच केली. ज्यांना फ्लॅटमध्ये शिट्ट्यांची लाज वाटायची ते निवांत राजमा शिजवायला लागले. (पुढे कंपनी कॉरेलमध्ये विलीन झाली आणि जून २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्जही केला. गंमत म्हणजे त्यामागचं एक कारण असं सांगतात की कुकर एकदा घेतला की बिघडतच नाही, मग दुसरा कोण घेणार?)

कल्पना उत्तम होती. आतला दाब वाढला की सेन्सर हीटर तोडतो, कमी झाला की परत जोडतो. दाब तयार झाल्यावरच टायमर सुरू होतो आणि वेळ संपली की तो आपणहून बंद. ऐकायला कुणी लागतच नाही.

पण मी ताईला थांबवलं. कारण व्होल्टेज.

अमेरिकेत घरात १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. ताई म्हणाली, "अगं बाई, ॲडॅप्टर लावा ना!" (ती मला लहानपणापासून चिडवायला 'अगं बाई'च म्हणते.) तर मंडळी, हे नीट समजून घ्या, कारण दर दिवाळीला कुणीतरी अमेरिकेतून मिक्सर नाहीतर कुकर आणतं आणि पहिल्याच दिवशी धूर काढतं. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. ताईच्या सहा क्वार्टच्या कुकरचा हीटर १००० वॅटचा. १२० चा वर्ग भागिले १०००, म्हणजे रेझिस्टन्स १४.४ ओहम. त्याच हीटरला २३० व्होल्ट दिले तर २३० चा वर्ग भागिले १४.४, म्हणजे जवळजवळ ३६७० वॅट. व्होल्टेज दुप्पटसुद्धा नाही, पण पॉवर पावणेचार पट. बारावीचं फिजिक्स शेवटी आमटीसाठी कामाला आलं. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाचं हीटरला काही नसतं, त्याची काळजी नको.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण १००० वॅटच्या वरचा लागणार. लोखंड आणि तांब्याचं ते धूड कुकरपेक्षा जड. आणि ते चालू करून मग कुकर चालू करायचा, बंद करताना उलटं... हे आईने रोज करायचं? छोटे हलके 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' मिळतात ते केस वाळवायच्या यंत्रासारख्या साध्या वस्तूंसाठी. आत इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या कुकरला ते लावू नका.

उत्तर सोपं होतं: अमेरिकेऐवजी इंग्लंडकडून घ्यायचा. तिथे आपल्यासारखेच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मॉडेल तेच, हीटर वेगळा. एका माणसाला पुरेल असा छोटा, २.८ लिटरचा, ७०० वॅटचा घेतला. २३० व्होल्टवर तो जेमतेम तीन अँपिअर ओढतो, म्हणजे साधं सहा अँपिअरचं सॉकेट पुरतं. पैसे ताईने भरले, पार्सल माझ्या लीड्सला ऑनसाइट असलेल्या मित्राच्या दारात. कुरिअरने 'भेट' म्हणून इकडे पाठवायचा विचार करत असाल तर विसरा. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पोस्ट-कुरिअरने भेट म्हणून वस्तू मागवणं बंद केलं. सूट ठेवली ती जीवनरक्षक औषधांना आणि राखीला. फक्त राखीला हं, राखीबरोबरच्या भेटवस्तूला नाही! म्हणून मित्राने दिवाळीला येताना तो चेक-इन बॅगेतून आणला. आतल्या भांड्यात स्वतःचे मोजे आणि दोन किलो चॉकलेटं भरून.

आता तुम्ही म्हणाल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, भारतात मिळत नाहीत का? मिळतात, नावाजलेल्या देशी कंपन्यांचेसुद्धा, आणि तुम्हाला घ्यायचा असेल तर आधी तेच बघा. वॉरंटी इथली, सुटे भाग इथले. मी ताईला लिंकही पाठवली होती. तिने उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी लिहिलं, "तू महिन्याला जातोस. मला एवढं तरी करू दे." यावर मी काय बोलणार?

दापोलीला गेल्यावर पहिलं काम वायरमनला बोलावणं. इंग्लंडची चपट्या पिनांची जाडजूड पिन काढून आपला थ्री-पिन टॉप लावला आणि अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या घरात हे आधी करा, कारण स्टीलचं भांडं, ओला हात आणि कोकणातला पाऊस असा योग असतो.

मग आईचं ट्रेनिंग. इथे एक गोष्ट सांगायला हवी. या कुकरचा दाब १०.२ ते ११.६ पीएसआय, आपल्या गॅसवरच्या कुकरचा साधारण १५. म्हणजे तिथे आत १२१ अंशांपर्यंत तापमान जातं, इथे ११५ ते ११८. डाळीला थोडा जास्त वेळ लागतो. दोन दिवस आम्ही प्रयोग केले. आईने जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून काढलं: तूर दहा मिनिटं, भात सहा, कळणासाठी भिजवलेले कुळीथ वीस. शिट्टीचा उल्लेख कुठेच नाही. मी खूश. छताला चुना लावला आणि पुण्याला परत.

चौथ्या दिवशी आईचा फोन. काकू सकाळी साडेअकराला मागच्या दाराने घाबऱ्याघुबऱ्या आत आल्या होत्या. कारण? तीन दिवस आमच्या घरातून एकही शिट्टी नाही. "म्हटलं, ही जेवत्ये की नाही? पडली-बिडली तर नाही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकू रोज आमच्या शिट्ट्या मोजत होत्या. पोफळीच्या पलीकडून अकरा-साडेअकराला कुकर वाजला की आई उठलीय, हिंडतेय-फिरतेय, हे त्यांना न विचारता कळायचं. आईला कमी ऐकू येत होतं, पण त्या घराची शिट्टी ऐकणारं माणूस होतं. आम्ही दोन खंडांतून मिळून जे यंत्र आणलं त्याने नेमका तोच आवाज बंद केला.

मी लगेच उपाय शोधायला लागलो. स्मार्ट प्लग लावून कुकर चालू झाला की काकूंना मेसेज... काकूंकडे बटणांचा फोन आहे. त्यांनी त्यांचा उपाय परस्पर करून टाकला. आता त्या रोज साडेअकराला मागच्या दाराने येतात, चहा पितात, झाकणाची पिन वर आलीय का बघतात. आई तक्रार करते, "तासभर उठत नाही, काम सुचू देत नाही." आवाज मात्र तक्रारीचा नसतो.

बाकी हिशोब साधा आहे. लाइट गेली की यंत्र थांबतं. एकदा भात मध्येच राहिला, झाकण न उघडता ठेवला तर आतल्या वाफेवर झाला. डाळ मात्र गॅसवर घ्यावी लागली. त्यामुळे जुना कुकर अजिबात टाकलेला नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मी शेवटच्या वर्षाला होतो आणि लॉकडाउनमुळे घरीच अडकलो होतो. कौलं उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या, आमच्याकडे महिनाभर लाइट नव्हती, तेव्हा गॅसवरच्या त्याच कुकरने जेवू घातलं. तो आता फळीवर आहे. मी किंवा ताई घरी असू तेव्हाच काढायचा, असं आईकडून कबूल करून घेतलंय.

झाकणाची सिलिकॉनची रिंग हा खरा प्रश्न. गॅसवरच्या कुकरची रिंग दापोलीच्या बाजारात कुठेही मिळते, ही नाही. शिवाय सिलिकॉनला वास धरतो, आमटीनंतरच्या खिरीला हिंग लागतो, म्हणून दोन हव्यात. ताईला कळवलंय की पुढच्या वेळी येताना याच मापाच्या घेऊन ये. अमेरिकेतल्या चालतील, रिंगेला व्होल्टेज नसतं. तिने त्याच दिवशी चार मागवल्या.