गिलावा नसलेल्या भिंती

काळुपूर स्टेशनातून निघालेली रिक्षा साबरमती ओलांडते आणि अहमदाबादचा नूर बदलतो. पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्लीबोळांतल्या वस्त्यांमधली, कोरीव लाकडी घरं मागे पडतात. आश्रम रोडवर ल कॉर्बुझिएनं गिरणीमालकांच्या संघासाठी उभारलेली, उघड्या काँक्रीटची इमारत लागते. स्वातंत्र्यानंतर कापडाच्या पैशानं या शहराला आधुनिक वास्तुकलेची हौस लावली. वस्त्रापूरचं आयआयएम, म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्था, हे त्या हौसेचं सर्वांत भव्य फळ.

विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकारानं १९६१ साली संस्था सुरू झाली. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांचं नाव सुचवलं आणि १९६२ मध्ये इमारतींचं काम कान यांच्याकडे आलं. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून घरी परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरच कान यांचा मृत्यू झाला. पुढची जबाबदारी मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या अनंत राजे यांनी पेलली.

मी गेलो २०१९ च्या हिवाळ्यात. फाटकातून आत गेल्यावर आधी दिसतात त्या विटा, मग इमारती. भिंतींत माणसाहून कितीतरी मोठे गोल झरोके, पसरट कमानी आणि त्यांची टोकं बांधून धरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या. खोल पडव्यांमुळे ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचत नाही. वर्ग सुटल्यावरही शिकणं चालू राहावं म्हणून कान यांनी येण्याजाण्याच्या वाटा मुद्दाम ऐसपैस ठेवल्या. तिथे मुलं घोळक्यानं वाद घालत उभी होती.

या देखण्या भिंतींचं दुखणं त्यांच्या पोटातच आहे. भूकंपात टिकाव लागावा म्हणून वीटकामात लोखंडी सळ्या घातल्या होत्या. पाणी मुरलं, सळ्या गंजून फुगल्या, विटा तडकल्या. २००१ च्या भूकंपाचा हादराही बसला. आपल्याकडच्या वाड्याची भिंत पोपडली तर चुन्याचा नवा गिलावा चढतो. इथे झाकायला काहीच नाही. डागडुजी केली की ती कायम डोळ्यांसमोर राहणार.

तरीही ती करता येते, हे संस्थेच्या ग्रंथालयात पटतं. मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयानं २०१८ मध्ये त्याचं जतन पूर्ण केलं. खराब विटा काढून रंगाला, मापाला जुळणाऱ्या बसवल्या. नवी वीट कुठली हे मी बराच वेळ शोधत राहिलो. युनेस्कोनं या कामाला आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार दिला.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये संस्थेकडूनच १८ पैकी १४ वसतिगृहं पाडण्याचा प्रस्ताव आला. जगभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ ला तो मागे घेतला गेला. पण २०२२ च्या अखेरीस संस्थेनं पुन्हा पुनर्बांधणीचा मार्ग धरला: काही इमारतींचं बाह्यरूप तेच ठेवायचं, आतल्या वसतिगृहांची रचना नव्यानं करायची.

तडकलेल्या भिंतीखाली झोपणाऱ्या मुलाच्या सुरक्षिततेला पर्याय नाही, हे मान्य. मात्र बाहेरचं रूप राखलं की वास्तू राखली, हा हिशेब इथे लागू पडत नाही. कान यांच्या इमारतींत भार वाहणारी वीट आणि दिसणारी वीट एकच. तिच्यातून दर्शनी भाग वेगळा काढला, तर उरेल ते चित्र. ग्रंथालयानं दाखवलेली वाट खर्चाची आणि चिकाटीची आहे, पण भिंतीला भिंतच राहू देणारी तेवढी एकच.