उशिरा बोलणारा साक्षीदार

माणूस चोर आहे असे ठरवायला फारसा पुरावा लागत नाही. आपल्या खिशातून चार पैसे जास्त गेले, की तेवढे पुरते.

धाकट्या भावाने कर्ज काढून पेट्रोलवर चालणारा एक छोटा मालट्रक घेतला आहे. अक्कलकोटहून सोलापूरला भाजी जाते, येताना किराणा येतो. हिशेब माझ्याकडे. सहा वर्षे काका तो चालवीत होते. गेल्या पावसाळ्यात लिटरला १६ किलोमीटर जाणारी गाडी १२ वर आली. “गुरुजी, तो पिवळा दिवा लागतोय, इंजिनाचं बघा काहीतरी,” असे काका दोनदा म्हणाले. मला ती सबब वाटली. दसऱ्याआधी मी एवढेच म्हणालो, “काका, पेट्रोलचा हिशेब जुळत नाही.” त्यांनी किल्ली आमच्या ओट्यावर ठेवली आणि ते निघून गेले.

नवा ड्रायव्हर आला. गाडी १२ च देत राहिली. तेव्हा कुठे मी मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी यंत्र जोडले. ‘पी ०१३३’ असा आकडा उमटला. “ऑक्सिजन सेन्सर मंद झालाय म्हणतंय. पण नुसत्या आकड्यावर पार्ट बदलायचा नसतो, गुरुजी. धुराच्या पाइपाला चीर असली, तर चांगला सेन्सरही फसतो.” त्यांनी पाइप पाहिला, वायर पाहिली, मग इंजिन चांगले तापविले. सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय हा गडी बोलतच नाही.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, ते सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनवरून ओळखतो. पेट्रोल कमी पडले तर ०.१ व्होल्टच्या आसपास, जास्त झाले तर ०.९. व्होल्वोच्या गाडीत तो १९७६ साली प्रथम आला. धडधाकट सेन्सर या दोन टोकांमध्ये सारखा उड्या मारतो. मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडला. पडद्यावरची रेघ म्हाताऱ्याने जिना चढावा तशी चढली, तशीच उतरली.

“खोटं बोलत नाही, उशिरा बोलतो. तोवर जादा पेट्रोल जळून जातं.”

सेन्सर काढला. टोकावर पांढरी पूड बसली होती. “इंजिनावर सिलिकॉनची पेस्ट कुणी लावली?”

मी गप्प राहिलो. उन्हाळ्यात ऑइल गळत होते, तेव्हा पैसे वाचवायला बाजारातली साधी पेस्ट मीच लावली होती. तिची वाफ इंजिनात ओढली जाते आणि सेन्सरवर बसते, असे मिस्त्री म्हणाले. नवा सेन्सर बसला आणि आठवड्यात गाडी पुन्हा १६ वर आली.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. ते आकाशकंदिलाची दोरी बांधीत होते.

“काका, चूक माझी होती.”

गाठ पुरी होईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवा लागलाय, एवढंच मी सांगत होतो, गुरुजी.”

चहा झाला. उठताना मी किल्ली त्यांच्या ओट्यावर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. पण परतही दिली नाही.