वाट पाहिलेली पुस्तकं

‘झूल’ आली १९७९ मध्ये. त्यानंतर भालचंद्र नेमाड्यांची पुढची कादंबरी मराठी वाचकांच्या हाती पडली ती थेट २०१० च्या जुलैत. मधल्या काळात नेमाडे काही गप्प बसले नव्हते. ‘टीकास्वयंवर’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ‘देखणी’तल्या कविता आल्या, देशीवादावरून चांगलीच खडाजंगी झाली. पण आम्हाला हवी होती ती कादंबरी. ‘हिंदू’ लिहून होत आलीय, पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलीय, आता फार वेळ नाही, असं कुणी ना कुणी सांगत राहायचं. एवढ्या वर्षांत आमची लग्नं झाली, नोकऱ्या झाल्या, मुलं मोठी होऊन त्यांच्या वाटेनं गेली. पुस्तकाची वाट पाहणं मात्र सुटलं नाही.

आणि मग पुस्तक आलं, वाचलं, आणि मन खट्टू झालं. इतकं की पुढे कितीतरी दिवस दुसरी कादंबरी हातात धरवेना.

या खट्टू होण्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्याची आपल्याकडे कुणी नीट विचारपूस करत नाही. ‘हिंदू’च्या बाबतीत दोनच तट पडले. एका तटानं नावावरूनच वाद घातले किंवा शंभरेक पानांत पुस्तक मिटून निकाल देऊन टाकला. दुसऱ्या तटाला ती महाकादंबरीच होती, आणि जिला ती भिडली नाही तिची वाचनाची कुवतच कमी. जिनं शेवटच्या पानापर्यंत जीव लावून वाचलं आणि तरीही जी हिरमुसली, तिनं कुणाकडे जायचं?

हे हिरमुसणं समजायला नेमाड्यांच्या पहिल्या कादंबरीकडे, ‘कोसला’कडे जावं लागतं. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ती काढली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. माझ्या हातात ती आली खूप नंतर, मुलींच्या होस्टेलवर. एकच प्रत खोल्याखोल्यांतून फिरायची. शिवण उसवलेली, वर जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर, आणि आत समासांमध्ये किती हातांच्या खुणा! कुणी पेन्सिलीनं रेघा मारलेल्या, कुणी नुसतंच ‘अगदी’ लिहिलेलं, एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. मेसच्या सेक्रेटरीपणाच्या भानगडींच्या पानांवर तर समास पुरला नव्हता. नायक पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते ती पानं मात्र कोरी होती. इतक्या जणींच्या हातांतून गेलेल्या पुस्तकात त्या पानांवर एकीनंही पेन्सिल टेकवली नव्हती.

खरं तर त्या कादंबरीतलं होस्टेल मुलांचं, रात्रीबेरात्रीचं भटकणं मुलांचं, बापाशी मांडलेलं भांडणही मुलाचं. आम्हाला संध्याकाळी सातच्या आत फाटकातून आत यावं लागायचं. तरीही पांडुरंग सांगवीकर आमचा होता. आपल्याला काही म्हणजे काहीच कळत नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा माणूस आम्हाला तोपर्यंत पुस्तकात भेटला नव्हता. आमच्या आधीच्या कादंबऱ्यांतल्या नायकांना सगळं उमगलेलं असायचं. प्रेम, त्याग, ध्येय, सगळं. पांडुरंग पैसे उधळून, परीक्षा घालवून गावी परत जातो तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं. आणि तरी त्या वयात तोच तेवढा खरं बोलतोय असं वाटायचं.

‘हिंदू’चा खंडेराव पुरातत्त्वज्ञ आहे. तो आपल्याला भेटतो मोहेंजोदडोत, उत्खननाच्या जागी. तिकडे मोरगावात बाप शेवटचे श्वास मोजतोय, आणि परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात सगळं गाव, सगळं घराणं, पाच हजार वर्षं गर्दी करून येतात. रचना जबरदस्त आहे. खणणं हा त्याचा पेशा, आणि आठवणींत उतरल्यावरही तो खणतच जातो: थराखाली थर, जातीखाली जात, एका बाईच्या कहाणीखाली तिच्या सासूची आणि आजेसासूची कहाणी. एवढं मराठीत एका जागी दुसऱ्या कुणी आणलेलं नाही.

मग माझं बिनसलं कुठे? पांडुरंगाला काहीच माहीत नव्हतं, खंडेरावला सगळं माहीत आहे. माझ्यापुरतं उत्तर एवढंच. खंडेराव वाद घालतो तेव्हा समोरच्याचं म्हणणं पडणार हे आधीच ठरलेलं असतं. इतिहास, वसाहतवाद, बारा बलुती, बुद्ध, महानुभाव, कशाबद्दलही त्याची वाक्यं तयार असतात आणि त्या वाक्यांमागून मला निबंधकार नेमाड्यांचा ओळखीचा आवाज ऐकू येत राहतो. ‘कोसला’तलं वाक्य तुटायचं, अडखळायचं, आणि त्या अडखळण्यात आम्ही शिरायचो. इथे शिरायला फट नव्हती. मी सहाशे पानं त्या माणसाच्या मागून चालले आणि त्यानं एकदाही वळून विचारलं नाही, तुला काय वाटतं?

हे मोजायची फूटपट्टी आम्हाला दिली कुणी? नेमाड्यांनीच. लेखक पुरस्कार-सत्कारांत अडकून लेखकराव कसा होतो, कादंबरीनं करमणुकीपलीकडे काय करायला हवं, भाषेतला खोटेपणा कुठे ओळखावा, हे सगळं त्यांच्याच लिखाणातून आम्ही शिकलो. त्यांच्यामुळे किती मोठमोठ्या नावांची पुस्तकं आम्ही निर्भयपणे खाली ठेवली. ‘हिंदू’ला तेवढं सवलतीचे मार्क द्यायचे, तर त्या शिकवण्याचाच अपमान झाला असता.

‘हिंदू’नंतर पाच वर्षांनी, २०१५ च्या जुलैत, अमेरिकेत असंच काहीसं घडलं. हार्पर लीची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० सालची. पंचावन्न वर्षं तिची दुसरी कादंबरी आली नाही आणि मग अचानक ‘गो सेट अ वॉचमन’ आली. पहिल्या आठवड्यातच अकरा लाखांवर प्रती खपल्या. वाचकांना हवा होता तो अ‍ॅटिकस फिंच, निरपराध काळ्या माणसासाठी साऱ्या गावाविरुद्ध कोर्टात उभा राहणारा वकील. मिळाला बहात्तर वर्षांचा अ‍ॅटिकस, काळ्या-गोऱ्यांच्या मुलांनी एका शाळेत शिकण्याला विरोध करणारा. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीतल्या एका दुकानानं तर गिऱ्हाइकांना पुस्तकाचे पैसे परत देऊ केले. हा ‘मॉकिंगबर्ड’चा पुढचा भाग नव्हेच, तो तिच्या आधी, पन्नासच्या दशकात लिहिलेला खर्डा आहे, हे वाचकांना आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, असं त्या दुकानाचं म्हणणं होतं. मला ते पटतं. वाट पाहणाऱ्याला काय मिळणार आहे, ते खरं सांगायला नको?

पण त्या पुस्तकात एक जागा आहे. अ‍ॅटिकसची मुलगी, सव्वीस वर्षांची जीन लुईस न्यूयॉर्कहून घरी आलेली आहे. वडिलांच्या पाठोपाठ ती कोर्टात जाते आणि वरच्या सज्ज्यात जाऊन बसते. लहानपणी ‘मॉकिंगबर्ड’मध्ये ती याच सज्ज्यात, काळ्या माणसांमध्ये बसून वडिलांचा खटला ऐकत होती. आता खाली गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी भरलेली सभा आहे आणि वडील त्या सभेच्या टेबलाशी बसलेत. ती बाहेर पडते, तिला मळमळून येतं. पुस्तक कच्चं आहे, शेवट शेवट तर नुसती भाषणबाजी आहे, पण ही पानं मी विसरू शकत नाही. जगभरच्या वाचकांना जे वाटलं ते त्या मुलीला आधीच वाटून गेलेलं आहे, आणि तेही आणखी जवळून, कारण तो तिचा बाप आहे. जिनं एवढा विश्वास टाकला तिलाच एवढं लागतं. कच्च्या पुस्तकातल्या या पानांमुळे मला माझं स्वतःचं खट्टू होणं कळलं.

‘हिंदू’ त्यानंतर मी पुन्हा काढली. मत बदलावं म्हणून नव्हे, आणि ते बदललंही नाही. खंडेराव बोलायला लागला की अजूनही माझं लक्ष उडतं. पण यावेळी मोरगावातल्या बायकांपाशी थांबत थांबत गेले. शेतात राबणाऱ्या, सासरी जाच सोसणाऱ्या, नवऱ्यानं टाकलेल्या, अकाली कुंकू पुसलेल्या, कुठल्या कुठे निघून गेलेल्या. खंडेरावचं बोलणं त्यांच्याजवळ आलं की वाद थांबतो, आणि तिथे नेमाड्यांचं वाक्य पुन्हा अडखळतं. घरातली जुनी बाई धान्य पाखडता पाखडता बोलावी तशी एकीची गोष्ट दुसरीत मिसळते, मध्येच तुटते, पुन्हा भलतीकडून सुरू होते. पहिल्या वाचनात मी पांडुरंगाला शोधत होते, म्हणून या बायकांजवळून भराभर पुढे गेले होते. ‘कोसला’त मनीच्या वाट्याला थोडीच पानं होती. इथे तशा कितीजणी आहेत, आणि त्या मरेपर्यंत जगलेल्या आहेत, म्हातारपणाचे भोग भोगून. अशी दीडशे पानं वेगळी काढून दिली, तर मी कुणाशीही भांडेन की एवढं चांगलं गद्य गेल्या अर्धशतकात मराठीत फार झालं नाही. बाकीच्या पानांसाठी भांडणार नाही.

नेमाड्यांना २०१४ चा ज्ञानपीठ जाहीर झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदांनंतर मराठीला मिळालेला तो चौथा. एका मैत्रिणीनं विचारलं, तुला तर ‘हिंदू’ आवडली नव्हती ना? नव्हतीच. पण ज्या लेखकानं पंचविशीत ‘कोसला’ लिहिली त्याच्यावर रुसायचा हक्क मला आहे, आणि त्याच्या सन्मानानं सुखावायचाही आहे.

‘हिंदू’ हा चार भागांतला पहिला, असं तेव्हापासून सांगितलं गेलं. पुढचा भाग दुकानात येईल त्या दिवशी मी तो घेणार आहे, आणि अपेक्षा तसूभरही कमी न करता वाचणार आहे. मला खंडेरावकडून सिद्धान्त नकोत. बाप गेल्यावर ते घर, ती शेती, त्या बायका, हे सगळं त्याच्या गळ्यात पडलंय. त्याचं तो काय करतो, तेवढं मला सांगा.