पदर सुटावेत, पोळी तुटू नये

मराठी घरात पोळीची परीक्षा एकाच प्रश्नाने होते : पदर सुटले का? लुगड्याचा पदर भाषेने पोळीलाही दिला आणि त्यासाठी क्रियापदही नेमके योजले. पदर सुटतात, तुटत नाहीत. पदर सुटले तरी पोळी एकच राहते. तुटलेल्या पोळीचे मात्र तुकडे होतात. या दोन क्रियापदांमधले अंतर अलीकडे आम्हांला फार जाणवू लागले आहे. आईच्या मागे आमच्या घरात दोन चुली झाल्या. आम्ही दोघे भाऊ आजही एकाच छपराखाली राहतो, परंतु पीठ दोन डब्यांत असते. रविवारी मात्र दोन्ही घरे मिळून पराठे करतो. घरात माणसे बरीच. इतक्यांसाठी पापुद्र्यांचा पराठा करणे हे एकट्याचे काम नव्हे. एकाने लाटावे, दुसऱ्याने निऱ्या घालाव्यात, तिसऱ्याने तव्यापाशी उभे राहावे.

वसईच्या पट्ट्यातील आमच्या घराचे मूळ धान्य तांदूळ. उकड काढून भाकरी थापणे, हीच आईची विद्या. ‘पब्लिक लॉ ४८०’ या अमेरिकी कायद्यान्वये १९५६ साली भारताशी करार झाला आणि त्या देशाचा गहू रेशनच्या दुकानांत येऊ लागला. आमच्या घरी गहू आला तो असा, रेशनच्या पिशवीतून. आईने शेजारणींकडे पाहून घडीची पोळी आत्मसात केली : लाटीला तेलाचे बोट लावायचे, दोनदा घडी घालायची, पुन्हा लाटायची. पराठा आणला तो आमच्या पिढीने. पण त्यामागचे तत्त्व आईच्या घडीतलेच होते.

कृती साधी, परंतु वेळ मागणारी आहे. चार वाट्या कणकेत मीठ व चमचाभर तेल घालून ती कोमट पाण्याने जराशी सैल भिजवावी, चांगली मळावी आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावी. मग गोळा घेऊन जितका पातळ लाटता येईल तितका लाटावा. आकार वाकडा झाला तरी बिघडत नाही. त्यावर पातळ तूप सर्वत्र फिरवून कोरडे पीठ भुरभुरावे. लुगड्याला घालतात तशा बारीक निऱ्या घालून लांब पट्टी करावी, ती अलगद ओढून चकलीसारखी गुंडाळावी आणि शेवटचे टोक खाली दडपावे. ही गुंडाळी पुन्हा दहा-पंधरा मिनिटे झाकावी. नंतर हलक्या हाताने लाटून, दोन्ही बाजूंनी तूप सोडत मध्यम आचेवर खरपूस भाजावी. तव्यावरून उतरताच पराठा फडक्यात धरून कडांकडून आत दाबला की पदर उमलतात.

यात जादू नाही, कार्यकारण आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लायडिन व ग्लुटेनिन ही दोन प्रथिने मिळून ग्लुटेनचे चिवट जाळे विणतात. तांदळात ते नाही. म्हणून भाकरीला उकडीचा आधार घ्यावा लागतो. मळल्यावर हे जाळे ताठ होते. तेव्हाच लाटू गेल्यास कणीक आखडते, जोर केल्यास फाटते. थोडा वेळ झाकून ठेवली, तर तीच कणीक निमूटपणे पसरते. तुपाचे काम वेगळे. ते पदरापदरांमध्ये राहून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. तव्यावर कणकेतील पाण्याची वाफ होते आणि तुपाने राखलेल्या त्या जागेतून ती पदर उचलते.

नाती कागदावर ठरवू गेले की काय होते, हेही याच पराठ्याने दाखविले आहे. २०२० साली कर्नाटकातील करविषयक प्राधिकरणाने निर्णय दिला की, घरी नेऊन भाजायचा तयार परोटा म्हणजे रोटी नव्हे. त्यामुळे रोटीला ५ टक्के तर परोट्याला १८ टक्के वस्तू व सेवा कर. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये दोहोंवरील कर शून्यावर आला आणि भावंडे पुन्हा एका पंगतीत बसली.

आमच्या घरीही आता कागद आले आहेत. जमिनीची मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या आणि अंगणात भिंत घालावी असा विचार पुढे आला. वाटणी होऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. मुले मोठी झाली, गरजा निराळ्या झाल्या. सर्वांना एकाच गोळ्यात दाबून ठेवले, तर तो गोळा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. पदर सुटायलाच हवेत. प्रश्न एवढाच की, मध्ये काय असावे. भिंतही दोघांना वेगळे ठेवते आणि तूपही. परंतु तुपाने वेगळे झालेले पदर एकाच आचेवर, एकाच वेळी शिजतात.

भिंतीचे काम आम्ही तूर्त पावसाळ्यानंतरवर ठेवले आहे. बोलणे ताणले जाऊ लागले की विषय तेथेच झाकून ठेवतो आणि काही दिवसांनी पुन्हा काढतो. प्रत्येक वेळी तो थोडा अधिक सैल झालेला असतो. निर्णय काय होईल, हे आज सांगता येत नाही. मात्र दोन्ही घरांतील मुलांना निऱ्या घालता येऊ लागल्या आहेत, आणि कोणत्या घरच्या पिठाचा पराठा कोणाच्या ताटात गेला, याचा हिशेब अद्याप कोणी ठेवलेला नाही.