हलका हात

सुई टोचताना दुखले नाही, की रोगी म्हणतो, "डॉक्टरांचा हात हलका आहे." हलका हात म्हणजे दुबळा हात नव्हे, जेथे जेवढा भार हवा, तेथे तेवढाच देणारा हात. माणसाच्या हातासंबंधी जे खरे, ते यंत्राच्या हातासंबंधीही खरे आहे. तबकडी वाजविणाऱ्या जुन्या यंत्राकडे पाहिले, म्हणजे हे ध्यानात येते.

या यंत्रात तबकडीला फिरविणारी एक चकती असते आणि तबकडीवरून सरकणारा एक हात असतो. या हाताला 'टोनआर्म' म्हणतात. त्याच्या टोकाशी हिऱ्याची इवलीशी सुई असते. तबकडीवरील केसासारख्या बारीक खाचेतून ती जाते, खाचेच्या नागमोडी भिंतींमुळे थरथरते, आणि त्या थरथरीतून गायकाचा आवाज पुन्हा उमटतो.

पूर्वी हा हात फार जड असे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर पोलादी सुईचा भार १०० ग्रॅमहूनही अधिक पडे. १९४८ साली अमेरिकेत अधिक बारीक खाचेची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी आली. तिला एवढा भार सोसवेना. हाताला हलके होणे भाग पडले.

इंग्लंडमधील स्विंडन येथील गॅरार्ड कारखान्याने १९५४ साली '३०१' हे यंत्र बाजारात आणले. ते हाताविनाच विकले जाई. हात ज्याने त्याने आपल्या पसंतीने निवडावा. १९५९ साली अलास्टेअर रॉबर्टसन-एकमन यांनी स्वतःसाठी एक हात घडविला आणि तोच पुढे 'एसएमई' या नावाने प्रसिद्ध झाला. त्या काळची अनेक यंत्रे आजही फिरत आहेत; परंतु त्यांचे हात मात्र थकतात. सांधे जड होतात, आतील तारा तुटतात. मग नवा हात बसवावा लागतो.

जुना काढावा आणि नवा लावावा, इतके हे काम सोपे नसते. तबकडी कोरताना सुई केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. टोनआर्म मात्र एका टोकाशी जखडलेला असल्यामुळे दाराच्या फळीप्रमाणे वळत जातो. त्यामुळे सुई खाचेत किंचित तिरपी पडते आणि आवाज बिघडतो. पर्सी विल्सन यांनी १९२४ साली 'द ग्रामोफोन' या मासिकात या दोषाचे गणित मांडले. हाताचे डोके थोडे आत वळविले आणि सुई मधल्या खुंटीच्या जराशी पलीकडे पोहोचेल असा हात बसविला, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. म्हणूनच खुंटीपासून हाताच्या सांध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरपर्यंत नेमके लागते. जाणता कारागीर आधी कागदावर आकृती काढतो, ती लाकडी बैठकीवर ठेवून पुनःपुन्हा मोजतो, आणि मगच छिद्र पाडतो. कारण चुकीचे छिद्र पडले, की चांगली बैठक वाया जाते.

त्यानंतर तांबडी, हिरवी, पांढरी आणि निळी अशा चार नाजूक तारा आपापल्या जागी जोडावयाच्या. शेवटी येते खरी कसोटी, भाराची. हाताच्या मागील वजन पुढे-मागे करून प्रथम तो तराजूच्या दांडीसारखा समतोल करतात, इतका की तो अधांतरी तरंगतो. मग सुईला सोसेल एवढाच, बहुधा दीड-दोन ग्रॅम, भार तिच्यावर देतात.

भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, असे कोणासही वाटेल. पण तसे नाही. भार अधिक झाला तर खाच झिजते हे खरे. परंतु तो फार कमी झाला, तर गायकाचा स्वर चढताच सुई खाचेत नीट टिकत नाही, उसळते आणि भिंतींवर आदळून त्यांना इजा करते. धसमुसळा हात जसा घातक, तसाच बिचकणारा हातही घातक.

काही जुन्या गाण्यांच्या आज मोजक्याच तबकड्या उरल्या आहेत. ते गायक आता नाहीत. त्यांचा आवाज त्या खाचांतच काय तो राहिला आहे. तो पुढच्या पिढीच्या कानी पडावा की कायमचा पुसला जावा, हे ग्रॅमभर वजनाच्या फरकावर ठरते. ते वजन जो नीट तोलतो, त्याचाच हात खरोखर हलका.